कोल्हापूर मतदारसंघाची नामावळी : एक पाठचिकित्सा

लोकसभेची निवडणूक जवळ आली म्हणजे कोल्हापूर मतदारसंघांतून आजवर निवडून गेलेल्या सभासदांची नामावळी दर वेळीं नव्यानें छापली जाते. डाव्या रकान्यांत इसवी सन, मध्यें सभासदाचें नांव, उजवीकडे पक्ष, असा तिचा साधा आकार असतो. वाचक ती वाचतात, कोणी कात्रण करून ठेवतात, आणि पुढील निवडणुकीस त्या कात्रणावरूनच नवी नक्कल तयार होते. मूळ कागद पाहण्याची गरज कोणास भासत नाहीं. आमच्या वाचकांस हा प्रकार अपरिचित नाहीं. घराण्यांच्या वंशावळी, मठांच्या गुरुपरंपरा आणि वतनांच्या कैफियती ज्या रीतीनें पिढ्यान्पिढ्या उतरल्या गेल्या, त्याच रीतीनें ही नामावळीहि उतरली जात आहे, आणि त्याच जातीचे दोष तिच्यांत शिरले आहेत. म्हणून जुन्या पोथीस आपण जी कसोटी लावतों तीच ह्या छापील यादीस लावून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा विषय फार अर्वाचीन आहे, तो इतिहास-संशोधकांचा नव्हे, असा आक्षेप येण्यासारखा आहे. परंतु पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीस आतां सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या वेळीं मताधिकाराची वयोमर्यादा २१ वर्षें होती. तेव्हां ज्यांनीं पहिलें मत दिलें त्यांतील जे हयात आहेत त्यांनीं वयाची नव्वदी ओलांडली आहे. साक्षीदार उठून चालले आहेत आणि कागद विरत आहेत. अशा वेळीं 'विषय अजून जुना झाला नाहीं' म्हणून स्वस्थ बसणें म्हणजे घर जळून गेल्यावर त्याची मोजणी करण्यास निघणें होय.

आमच्या मतें प्रचलित नामावळींत तीन दोष आहेत. एक, नांव एक म्हणून वस्तुहि एकच, असें ती धरून चालते. दोन, दोन निर्वाचित सभासद तिच्यांतून बहुधा गळालेले असतात. तीन, पक्षाच्या रकान्यास ती नको तितकें महत्त्व देते. ह्यांपैकीं दुसरा दोष सर्वांत गंभीर आहे. परंतु तो समजण्यास पहिल्यापासून आरंभ करणें सोईचें पडेल.

(१) नांवाचा विचार

१९५१-५२ च्या निवडणुकींत 'कोल्हापूर' ह्या केवल नांवाचा मतदारसंघ नव्हताच. कागदोपत्रीं त्याचें नांव 'कोल्हापूर कम सातारा' असें आहे. हा 'कम' लॅटिन भाषेंतील असून त्याचा अर्थ 'सह' असा होतो. फारसींतून मराठींत आलेला, 'उणा' ह्या अर्थाचा 'कम' तो नव्हे. परंतु देवनागरींत उतरल्यावर दोहोंचें रूप एकच दिसतें, आणि 'साताऱ्यासह कोल्हापूर' ह्याच्या जागीं 'साताऱ्याविना कोल्हापूर' असा नेमका उलट अर्थ मराठी वाचकाच्या मनांत उभा राहतो. नक्कलकारांनीं ही अडचण 'कम सातारा' हीं अक्षरेंच गाळून दूर केलेली दिसते. दुर्बोध पाठ आला कीं तो सोपा करून टाकावयाचा, ही लेखकूंची खोड पोथ्यांत आपण नेहमीं पाहतों. ती मुद्रणयुगांतहि सुटलेली नाहीं. येथें तिचा परिणाम असा झाला कीं, एका विस्तृत व दोन सभासद निवडणाऱ्या मतदारसंघास पुढील काळांतील एका सभासदाच्या मतदारसंघाचें नांव मिळालें, आणि परंपरा आरंभापासून अखंड असल्याचा भास उत्पन्न झाला.

'कोल्हापूर' म्हटल्यावर नगर डोळ्यांपुढें येतें, हाहि ह्याच भासाचा भाग आहे. १८५४ पासून जेथें नगरपालिका होती व १९७२ पासून महानगरपालिका आहे, त्या शहराचा हा मतदारसंघ, असा परगांवच्या वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षांत आजच्या मतदारसंघांत चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर आणि कोल्हापूर उत्तर असे सहा विधानसभा मतदारसंघ मोडतात. त्यांतील 'उत्तर' तेवढा शहराचा. 'दक्षिण' कांहीं शहराचा व कांहीं खेड्यांचा. बाकीचे चार डोंगर, ऊंस, भात आणि लहान बाजारपेठा ह्यांचे. शास्त्रकार ज्यास छत्रिन्याय म्हणतात तो येथें लागू पडतो. जमावांत दोघांतिघांच्या हातीं छत्र्या असल्या तरी दुरून पाहणारा 'छत्रीवाले चालले' असें म्हणतो. त्याप्रमाणें एका शहरावरून सगळा प्रदेश ओळखला जातो. व्यवहारास हें चालतें. इतिहासास चालत नाहीं.

स्थालीपुलाकन्यायानें एकच शीत चेपून पाहावयाचें तर तें गगनबावड्याचें पाहावें. सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, कोल्हापुराच्या पश्चिमेस सुमारें ५५ किलोमीटरांवर वसलेलें हें गांव. येथून करूळ व भुईबावडा हे दोन घाट कोंकणांत उतरतात. आज्ञापत्राचे कर्ते रामचंद्रपंत अमात्य ह्यांच्या घराण्याची, कोल्हापूर दरबाराच्या अधीन असलेली बावड्याची जहागीर ती हीच. आज हा तालुका करवीर विधानसभा मतदारसंघांत आहे. 'करवीर' हें खुद्द कोल्हापूर नगराचें प्राचीन नांव. करवीरक्षेत्र म्हणजे अंबाबाईचें क्षेत्र. परंतु आजच्या करवीर मतदारसंघांत तें नगर येत नाहीं. येतो तो करवीर तालुक्यांतील खेड्यांचा भाग, पन्हाळ्याचा कांहीं भाग आणि घाटमाथ्यावरील गगनबावडा! म्हणजे शहराचें नांव गांवांस लागलें आणि शहर स्वतः बाहेर राहिलें. त्यांतच 'बावडा' ह्या नांवाचा घोळ आहे. कोल्हापूर शहराच्या हद्दींतील कसबा बावडा निराळा, हा गगनबावडा निराळा, आणि घाटाखालचा सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील भुईबावडा तिसरा. जुन्या पत्रकावर नुसतें 'बावडा येथें सभा' असें छापलेलें असल्यास ती सभा शहरांत झाली कीं पन्नास-पंचावन्न किलोमीटर दूर, हें अन्य पुराव्यावांचून ठरविणें धोक्याचें आहे. संग्राहकांनीं हा भेद ध्यानांत ठेवावा.

(२) सीमांचा विचार

नांवामागील भूमीहि स्थिर राहिलेली नाहीं. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. तोंपर्यंत संस्थानच्या प्रजेस दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळासाठीं मताचा अधिकार नव्हता. तें कायदेमंडळ ब्रिटिश हिंदुस्थानापुरतें होतें. म्हणून ह्या नामावळीस १९५२ च्या मागें ओढण्यास कोणताच आधार नाहीं. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हां बेळगांव जिल्ह्याचा मोठा भाग म्हैसूर राज्यांत गेला व चंदगड तालुका त्यांतून निघून कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. आज ज्या सहा भागांचा हा मतदारसंघ बनला आहे त्यांतील एक भाग १९५२ सालीं कोल्हापूर जिल्ह्यांतच नव्हता, ही गोष्ट नामावळीच्या वाचकास कोठेंच कळत नाहीं.

त्यानंतरहि सीमा वेळोवेळीं बदलल्या. १९६१ च्या कायद्यानें दोन सभासदांचे मतदारसंघ मोडले. १९७६ च्या पुनर्रचनेनंतर महाराष्ट्राच्या लोकसभेंतील जागा ४५ वरून ४८ झाल्या. २००८ च्या पुनर्रचनेंत शेजारचा इचलकरंजी मतदारसंघ नाहींसा झाला व त्याच्या ठिकाणीं हातकणंगले आला. ह्या हातकणंगल्याची गोष्ट बोधप्रद आहे. तें नांव नवें नव्हे. १९६२ ते १९७१ च्या निवडणुकांत तें होतेंच. मग तें लोपलें, इचलकरंजी आलें, आणि २००९ च्या निवडणुकीस तें पुन्हां प्रकट झालें. परंतु दोन्ही वेळचें हातकणंगले एक नव्हे. आजच्या हातकणंगल्यांत सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूर व शिराळा हे भाग आहेत. एकाच नांवाचे दोन राजपुरुष वंशावळींत एक समजले गेल्यानें काय अनर्थ होतात हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस अधिक सांगावयास नको.

ह्यावरून आमचा निष्कर्ष असा कीं, १९५२ पासून २०२४ पर्यंतचें 'कोल्हापूर' ही एक वस्तु नसून एका नांवाखालीं आलेल्या अनेक वस्तूंची माळ आहे. 'अमुक मतदारसंघानें सत्तर वर्षें अमुक विचाराची पाठराखण केली' अशीं विधानें म्हणूनच निराधार ठरतात. पाठराखण करणारी भूमीच मध्यंतरीं बदलत गेली होती.

(३) गळालेलीं नांवें

आतां मुख्य दोषाकडे वळूं. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत ह्या मतदारसंघांतून प्रत्येकीं दोन सभासद निवडून गेले. १९५२ सालीं बाळासाहेब खर्डेकर हे अपक्ष म्हणून सर्वसाधारण जागेवर, आणि के. एल. मोरे हे काँग्रेसतर्फे अनुसूचित जातींसाठीं राखलेल्या जागेवर. १९५७ सालीं भाऊसाहेब महागांवकर हे शेतकरी कामगार पक्षातर्फे सर्वसाधारण जागेवर, आणि शंकरराव दिगे हे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे राखीव जागेवर. प्रचलित नामावळींत वर्षास एक ओळ व ओळीस एक नांव असा नेम असल्यामुळें दोहोंपैकीं एक नांव गळतें. आणि आमच्या पाहण्यांत आलेल्या बहुतेक यादींत गळलेलें नांव राखीव जागेच्या सभासदाचें आहे.

हा लोप लेखकूच्या हातचुकीचा आहे असें म्हणून सोडून देतां येत नाहीं. हातचूक असती तर ती कधीं ह्या नांवास बाधली असती, कधीं त्या. ती एकाच बाजूस पडते, त्या अर्थीं तिच्यामागें एक समजूत आहे. राखीव जागेवरील सभासद हा दुय्यम, जोडीचा, वेगळ्या मतदारांनीं निवडलेला, अशी ती समजूत होय. ती सर्वस्वी चुकीची आहे, आणि ती चुकीची कां हें समजण्यासाठीं त्या वेळची मतदानाची रीत पाहिली पाहिजे.

१९३२ च्या पुणें करारानें स्वतंत्र मतदारसंघांची कल्पना मागें पडून संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा हें तत्त्व मान्य झालें होतें. तेंच तत्त्व स्वतंत्र हिंदुस्थानच्या पहिल्या निवडणुकांत दोन सभासदांच्या मतदारसंघांच्या रूपानें आलें. अशा मतदारसंघांतील प्रत्येक मतदारास, मग तो कोणत्याहि जातीचा असो, दोन मतें असत. तीं दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. मोजणीनंतर अनुसूचित जातींच्या उमेदवारांत ज्यास सर्वाधिक मतें तो राखीव जागेवर निवडून येई, आणि उरलेल्या सर्व उमेदवारांत ज्यास सर्वाधिक मतें त्यास दुसरी जागा मिळे. म्हणजे दिगे व महागांवकर ह्या दोघांनाहि त्याच गांवांनीं, त्याच वाड्यावस्त्यांनीं, त्याच मतदारांनीं निवडलें. एकाचा मतदार निराळा व दुसऱ्याचा निराळा असें नव्हतें. गगनबावड्यासारख्या जहागिरीच्या गांवांतील ज्या रयतेस तीन वर्षांपूर्वीं दिल्लीसाठीं एकहि मत नव्हतें, तिच्या हातीं १९५२ सालीं एकदम दोन मतपत्रिका पडल्या. त्यांतील एक मतपत्रिका नामावळीनें परस्पर रद्द केली आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

ही पद्धति कोल्हापूरपुरती नव्हती. १९५२ सालीं देशांत ४०१ मतदारसंघ होते. त्यांपैकीं ८६ दोन सभासदांचे व एक तीन सभासदांचा होता. १९५७ सालीं ४०३ पैकीं ९१ मतदारसंघ दोन सभासदांचे होते. खुद्द डॉ. आंबेडकर १९५२ सालीं मुंबईच्या अशाच एका मतदारसंघांतून राखीव जागेसाठीं उभे राहून पराभूत झाले. राखीव जागेचा उमेदवार दुय्यम नव्हता ह्याचें उत्तम उदाहरण आंध्रांतील पार्वतीपूरम् येथील १९५७ ची निवडणूक होय. तेथें दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांस मिळाल्या व सर्वसाधारण उमेदवार व्ही. व्ही. गिरी, जे पुढें राष्ट्रपति झाले, ते मागें पडले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९५९ सालीं निकाल गिरींच्या विरुद्ध झाला. राखीव वर्गांतील उमेदवारास अधिक मतें पडल्यास सर्वसाधारण जागाहि त्याचीच, हा त्याचा अर्थ. त्यानंतर दोन वर्षांतच ही पद्धति कायद्यानें बंद झाली.

१९५७ च्या ओळींतील लोप तर विशेष खटकणारा आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं झाली. शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे दोन्ही तिचे घटक होते. तेव्हां महागांवकर व दिगे हे दोघे एकाच लाटेवर, एकाच मागणीसाठीं निवडून आले. त्याच वेळीं नाशिकहून दादासाहेब गायकवाड व कोपरगांवहून बी. सी. कांबळे हे फेडरेशनचे पुढारी लोकसभेंत गेले. डॉ. आंबेडकरांचें निर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजीं झालें होतें, आणि ऑक्टोबर १९५७ मध्यें फेडरेशनच्या जागीं रिपब्लिकन पक्ष आला. त्या संधिकालांत करवीरच्या मतदारांनीं समितीच्या दोन्ही अंगांस एकत्र निवडून दिलें, ही त्या निवडणुकीची खरी कथा आहे. दिग्यांचें नांव गाळल्यानें ती अर्धी होते. समितीचा विजय शेतकऱ्यांचा दिसतो, दलितांचा त्यांतील वांटा दिसत नाहीं.

आणि हें घडतें कोल्हापुराच्या बाबतींत! २६ जुलै १९०२ रोजीं शाहू छत्रपतींनीं आपल्या संस्थानांत मागासलेल्या वर्गांसाठीं नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या राखून ठेवण्याचा हुकूम काढला. २१ व २२ मार्च १९२० रोजीं माणगांव येथें परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते व शाहू छत्रपति तेथें जातीनें आले. प्रतिनिधित्वाच्या तत्त्वाचा जेथें इतका लवकर पुरस्कार झाला, तेथील प्रतिनिधींच्या नामावळींतून त्याच तत्त्वानें निवडलेले दोघे सभासद नाहींसे व्हावेत, ह्यास काय म्हणावें? जयंतीस हुकुमाचा उल्लेख करावयाचा आणि यादी छापतांना त्या हुकुमाच्या तत्त्वाचें फळ गाळावयाचें, ही विसंगति नक्कलकाराच्या ध्यानांतहि येत नाहीं, हाच तिचा दोष.

मोरे ह्यांच्या बाबतींत आणखी एक विपर्यास घडतो. तेच पुढें १९६२ सालीं हातकणंगल्याहून लोकसभेवर निवडून आले. कोल्हापूरच्या यादींत ते गळालेले, आणि हातकणंगल्याच्या यादींत ते पहिलेच. त्यामुळें पहिल्या लोकसभेंतील हा अनुभवी सभासद १९६२ सालीं नवखा म्हणून वाचकापुढें येतो.

(४) पक्षाचा रकाना

तिसरा दोष पक्षाच्या रकान्याचा. १९६२ सालीं व्ही. टी. पाटील, १९६७ सालीं शंकरराव माने व १९७१ सालीं राजाराम निंबाळकर, हे तिघे काँग्रेसचे. १९७७ सालीं शेतकरी कामगार पक्षाचे दाजीबा देसाई आले. १९८० पासून १९९६ पर्यंतच्या पांचहि निवडणुका काँग्रेसच्या उदयसिंगराव गायकवाडांनीं जिंकल्या. ह्यावरून लेखक चटकन् 'बालेकिल्ला' हा शब्द योजितात. किल्ल्यांच्या जिल्ह्यांत हा शब्द सुचणें स्वाभाविक आहे. परंतु किल्ला जागेवर राहतो व किल्लेदार बदलतो, येथें बहुधा उलट झालेलें आहे.

सदाशिवराव मंडलिक ह्यांचें उदाहरण पाहावें. १९९८ सालीं ते काँग्रेसतर्फे, १९९९ व २००४ सालीं राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे, आणि २००९ सालीं अपक्ष म्हणून निवडून आले. पक्षाच्या रकान्याकडे पाहिलें तर अकरा वर्षांत मतदारसंघाचें मन दोन वेळां पालटलें असें वाटतें. नांवाच्या रकान्याकडे पाहिलें तर तें एकदांहि पालटलें नाहीं. २०१४ सालीं राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक, २०१९ सालीं शिवसेनेचे संजय मंडलिक आणि २०२४ सालीं काँग्रेसतर्फे शाहू छत्रपति निवडून आले. ह्या शेवटच्या निकालावर 'गादीचा विजय' अशा बखरी थाटांत पुष्कळ लिहिलें गेलें. गादीचें संस्थान १९४९ सालीं विलीन झालें. २०२४ चा विजय ७,५४,५२२ मतांचा आहे. ज्या मतदारानें तें मत दिलें तो रयत नव्हे, नागरिक होय. हा भेद इतिहास लिहिणाऱ्यानें तरी पुसूं नये.

अपक्षांची गोष्टहि लक्षणीय आहे. १९५२ सालीं खर्डेकर व २००९ सालीं मंडलिक, असे दोन वेळां ह्या मतदारसंघानें पक्षचिन्हावांचून उभ्या असलेल्या उमेदवारास लोकसभेंत धाडलें. पक्षाच्या रकान्यांत 'अपक्ष' हा शब्द रिकाम्या जागेसारखा दिसतो. वस्तुतः तीच ओळ सर्वांत बोलकी आहे.

(५) मतें आणि कागद

प्रचलित यादींत मतांचा आंकडा बहुधा नसतो. तो नसल्यानें काय हरवतें तें दोन निकालांवरून दिसेल. १९७७ सालीं दाजीबा देसाई अवघ्या १६५ मतांनीं विजयी झाले. त्या वर्षीं देशांतील लोकसभेच्या सर्व निकालांत हें सर्वांत कमी मताधिक्य होतें. २०१९ सालीं संजय मंडलिकांचें मताधिक्य २,७०,५६८ होतें. नामावळींत दोन्ही ओळी सारख्याच ठळक छापल्या जातात. परंतु १६५ मतें म्हणजे घाटमाथ्यावरील एखाद्या लहान मतदानकेंद्राची भरती. त्या दिवशीं दोनचार वाड्यांतील माणसें शेताकडे वळलीं असतीं तर नामावळींतील एक नांव आणि एक पक्ष बदलला असता. 'कोल्हापूरनें १९७७ सालीं अमुक कौल दिला' ह्या वाक्यांतील ठामपणा ह्या आंकड्यापुढें टिकत नाहीं.

मग अशा निवडणुकीचीं साधनें कोठें पाहावीं? मतपत्रिका नियमाप्रमाणें ठराविक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. शिवाय १९५२ व १९५७ च्या मतपत्रिकांवर उमेदवाराचें नांवच नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी व तिच्यावर त्याचें चिन्ह असे. मतदार आपला कागद हव्या त्या पेटींत टाकी. कागद मुका, पेटी बोलकी! म्हणून त्या काळची मतपत्रिका कोणाच्या संग्रहीं निघाली तरी ती कौतुकाची वस्तु ठरेल, पुरावा ठरणार नाहीं. नांवें व चिन्हें छापलेली, शिक्का मारावयाची मतपत्रिका सार्वत्रिक निवडणुकीस १९६२ पासून आली, आणि २००४ सालीं सर्वत्र यंत्र आल्यावर तीहि मागें पडली.

पुरावा आहे तो अन्यत्र. छापील मतदारयाद्या, प्रतिनिधींनीं आलेल्या मतदारांपुढें खुणा केलेल्या त्यांच्या प्रति, सभांचीं पत्रकें, उमेदवारांचीं निवेदनें, मतदान-अधिकारी म्हणून गेलेल्या शाळामास्तरांच्या नेमणुकीचे हुकूम, हे सर्व कागद अजून घरोघरीं माळ्यावर आहेत. विशेषतः पत्रकांविषयीं संग्राहकांस एक सूचना करावीशी वाटते. पत्रक कातरून केवळ मजकूर किंवा चित्र ठेवूं नये. तळाशीं बारीक अक्षरांत मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव असतें. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याच्या १२७-अ कलमानें तें बंधनकारक आहे. पोथीस जशी पुष्पिका, तशी पत्रकास ही ओळ. पत्रकावर तारीख नसली तरी मुद्रणालयाच्या नांवावरून व पत्त्यावरून काळ व स्थळ ह्यांचा अंदाज लागतो. ती ओळ कापली कीं पत्रक अनाथ झालें.

गगनबावडा, राधानगरी, चंदगड ह्या पट्ट्यांतील कागदांस तर त्वरा हवी. तेथील पाऊस प्रसिद्ध आहे; जूनपासून चार महिने भिंती पाझरतात, कागदास बुरशी येते व वाळवी लागते. दरबारी दप्तरें निदान रुमालांत बांधून पेटींत ठेवलेलीं असत. निवडणुकीचें पत्रक रद्दींत ठेवलेलें असतें. आणि राखीव जागेच्या उमेदवारांचे कागद ज्या वस्त्यांत मिळण्याचा संभव अधिक, तेथें संग्राहक फारसे जात नाहींत. नामावळींतून जें नांव गळालें त्याचे कागदहि संग्रहांतून गळूं नयेत, ही जबाबदारी आपली आहे.

(६) समारोप

नामावळीचे गुण नाकारण्याचा आमचा हेतु नाहीं. ती आटोपशीर आहे, शाळेंतील मुलासहि कळते, आणि तिच्यामुळें जुनीं नांवें निदान ऐकूं तरी येतात. 'एवढ्याशा कोष्टकास कशाला इतकी चिकित्सा' असें कोणी म्हणेल. परंतु मोठे ग्रंथ थोडे वाचतात, कोष्टक सर्व वाचतात. जें सर्व वाचतात त्यांतील लोप सर्वांच्या स्मृतींतील लोप होतो.

तेव्हां शुद्ध नामावळी अशी असावी. १९५२ पासून २०२४ पर्यंत सार्वत्रिक निवडणुका १८ झाल्या. निर्वाचित जागा १८ नव्हेत, २० होत्या. आणि त्या २० जागांवर १३ व्यक्ति निवडून आल्या, ११ नव्हेत. गायकवाड पांच वेळां, सदाशिवराव मंडलिक चार वेळां, बाकीचे अकरा जण एकेकदां. १९५२ व १९५७ ह्या वर्षांस प्रत्येकीं दोन ओळी द्याव्यात व दोन्ही नांवें एकाच मापाच्या अक्षरांत छापावीत. १९५२ पुढें मतदारसंघाचें पूर्ण नांव लिहावें, आणि 'कम' ऐवजीं 'सह' लिहावें म्हणजे अर्थ बिघडणार नाहीं. सीमा जेथें जेथें बदलल्या तेथें आडवी रेघ ओढावी. पक्षाच्या रकान्याशेजारीं मताधिक्याचा रकाना जोडावा. एवढें केल्यास कोष्टक दोनचार ओळींनीं वाढेल, परंतु तें खरें होईल.

पुढील निवडणुकीस ही यादी पुन्हां छापली जाईलच. ती छापणाऱ्यांनीं शंकरराव दिगे व के. एल. मोरे हीं दोन नांवें आपापल्या वर्षापुढें घालावीत, एवढी आमची विनंति आहे. मतदारांनीं तीं एकदां निवडलेलीं आहेत. तीं गाळण्याचा अधिकार नक्कलकारास नाहीं.